विमानाला मागे कोण नेतं?

विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलं नसतं. रस्त्यावरच्या गाड्या चाकांच्या जोरावर पळतात, तशीच विमानंही जमिनीवर पळत असतील असं अनेक प्रवाशांना वाटतं. प्रत्यक्षात धावपट्टीकडे रांगत जाणारं विमानसुद्धा हवेच्या रेट्यावरच चालतं. इंजिन हवा मागे फेकतं, विमान पुढे सरकतं, आणि चाकं त्याच्या भाराखाली नुसती फिरतात. चाकांना जोर देणारं काही नाही, म्हणून मागे येण्यासाठी टाकायचा गिअरही नाही. तरीही मोठ्या विमानतळावरून निघणारी बहुतेक जेट विमानं आपला प्रवास उलट्या दिशेनंच सुरू करतात. इमारतीकडे तोंड करून उभं असलेलं विमान आधी मागे येतं आणि मगच पुढे निघतं. ते मागे येतं कसं, आणि त्याला तसं येण्याची वेळ मुळात का आली, याचा इतिहास विमानतळांच्या बांधणीशी जोडलेला आहे.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न नव्हताच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ज्या पुस मॉथ विमानातून, त्याचं रिकामं वजन पावणेसहाशे किलोच्या आत होतं. त्या जातीच्या विमानांना मागे घ्यायचं तर दोनचार माणसांचे हात पुरत. शेपूट उचलायची, तोंड हवं तिकडे वळवायचं आणि ढकलायचं. मैदानही ऐसपैस असे. विमान येई, अर्धं वर्तुळ घेऊन उभं राही आणि निघताना उरलेलं अर्धं वर्तुळ पुरं करून आल्या वाटेनं जाई.

पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची गोष्ट निराळी होती. त्यांना ब्रेक नसतात, आणि धक्क्याजवळ गर्रकन वळायला जागाही नसते. तरंड्यांवर उतरणाऱ्या छोट्या विमानांच्या वैमानिकांनी यावर वाऱ्याचीच मदत घेतली. इंजिन बंद करायचं किंवा अगदी मंद ठेवायचं, नाक वाऱ्याकडे राहू द्यायचं, आणि वारा विमानाला शेपटीच्या दिशेनं मागे ढकलू लागला की सुकाणू व पंखांवरच्या झडपा वापरून त्याची वाट ठरवायची. शिडाच्या होडीचं हे ज्ञान आजही अशा वैमानिकांना शिकवलं जातं. विमानानं स्वतःहून, वैमानिकाच्या ताब्यात राहून मागे येण्याची ही बहुधा सर्वांत शांत रीत असावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं वाढली आणि मैदानं अपुरी पडू लागली. डीसी-३ विमानाच्या पंखांचा पसारा २९ मीटर होता. बोइंग ७०७च्या मोठ्या आवृत्तीचा ४४ मीटरच्या वर गेला. १९७०मध्ये सेवेत आलेल्या ७४७चा तर साठ मीटरला टेकला. एवढी विमानं इमारतीला समांतर उभी करायची आणि प्रत्येकाला स्वतः वळून निघता येईल इतकी जागा सोडायची, म्हणजे विमानतळाची इमारत मैलभर लांब करावी लागली असती. शिवाय जेट इंजिनाचा झोत होताच. इमारतीसमोर जेट विमान वळलं की त्याच्या मागच्या गरम वाऱ्यात सामानाच्या गाड्या, शिड्या आणि माणसं सापडत.

यावर उपाय निघाला तो विमानाचं नाक इमारतीकडे करून ते उभं करण्याचा. १९५८-५९च्या सुमारास शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळांवर सरकते पूल बसवले गेले. आपण त्यांना एरोब्रिज म्हणतो. प्रवाशाला ऊन, पाऊस, बर्फ काही लागत नव्हतं, तेवढ्याच भिंतीला जास्त विमानं लागत होती, आणि झोत इमारतीपासून दूर जात होता. विमानतळ बांधणाऱ्यांच्या दृष्टीनं ही व्यवस्था इतकी सोयीची ठरली की ती जगभर पसरली. फक्त एक गोष्ट वाढली. आत शिरलेल्या विमानाला आता कुणीतरी मागे काढायला हवं होतं. विमानाची रचना करणाऱ्यांनी हे काम कधी मागितलं नव्हतं. ते इमारतीच्या आराखड्यातून जन्माला आलं.

विमान स्वतःच्या बळावर मागे का येऊ नये, हा प्रश्न तोवर निम्मा सुटलाही होता. पंख्याच्या विमानात त्याचं उत्तर पात्यांच्या कोनात आहे. कॅनडाच्या वॉलेस टर्नबुल यांनी पात्यांचा कोन उड्डाणातच बदलता येईल असा विजेवर चालणारा पंखा तयार केला, आणि १९२७ साली त्याची चाचणी झाली. कोन बदलता आला, की तो आणखी पुढे नेऊन उलटाही करता येतो. पंखा त्याच दिशेनं फिरत राहतो, पण पाती हवा मागे फेकण्याऐवजी पुढे फेकू लागतात. युद्धानंतरच्या डीसी-६, स्ट्रॅटोक्रूझर, सुपर कॉन्स्टेलेशन अशा मोठ्या विमानांत ही सोय आली. मुख्य हेतू होता उतरल्यावर लवकर थांबण्याचा. मागे सरकता येणं ही वरकड कमाई होती. एअर इंडियानं १९५०च्या दशकात वापरलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनपैकी एक पुढे नौदलाकडे गेलं आणि आज गोव्यातल्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. त्याच्या चार इंजिनांवरची पाती पाहताना लक्षात ठेवावं, की ती पुढे ओढण्याइतकीच रोखण्यासाठीही बनवलेली होती.

पण उलटा रेटा जमिनीवर जितका उपयोगी, तितकाच आकाशात घातक. एप्रिल १९५५मध्ये न्यूयॉर्कजवळच्या इस्लिप इथं युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-६ प्रशिक्षणासाठी उडालं, आणि चढत असतानाच त्याच्या एका इंजिनाचा पंखा उलटा झाला. विमान एका बाजूला कलंडून कोसळलं, आतले तिघेही गेले. उलटा रेटा देणारी यंत्रणा वैमानिकाला हवी तेव्हा हाताशी असावी आणि नको तेव्हा कितीही चुकलं तरी चालू होऊ नये, ही दुहेरी अट तेव्हापासून अभियंत्यांच्या मानेवर बसली आहे.

या यंत्रणेवर माणसानं किती भरवसा टाकला, याचं सर्वांत धाडसी उदाहरण १९६३च्या शरद ऋतूतलं आहे. अमेरिकी नौदलाला एवढंच पाहायचं होतं, की चार इंजिनांचं सी-१३० हर्क्युलिस हे मालवाहू विमान फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर उतरू शकतं का. वैमानिक जेम्स फ्लॅटली आणि त्यांच्या साथीदारांनी अटलांटिक महासागरात ते २१ वेळा पूर्ण थांबेपर्यंत उतरवलं, तेही पकडून धरणाऱ्या दोराशिवाय. जहाजाला टेकण्याआधी, चाकं अजून हातभर हवेत असतानाच ते पाती उलटी करायला घेत. साडेअडतीस टन वजनाचं विमान एका खेपेत ८० मीटरच्या आसपास थांबलं. उड्डाणासाठीही त्यांनी गोफणयंत्र वापरलं नाही. पुढे ही कल्पना नौदलानं सोडून दिली, कारण जहाजाच्या अरुंद पाटीवर एवढ्या पंखांचं विमान नेहमी उतरवणं धोक्याचं होतं. हर्क्युलिस मात्र जमिनीवर आजही पाती उलटी करून मागे येतं.

जेट इंजिनाला अशी पाती नसतात. १९५०च्या दशकातल्या सोव्हिएत टीयू-१०४ विमानाला थांबवण्यासाठी शेपटीतून पॅराशूट सोडत. फ्रेंच कॅरावेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही तीच सोय होती. दर वेळी उतरल्यावर ते कापड गोळा करून पुन्हा घड्या घालून भरणं हे प्रवासी कंपनीला परवडणारं काम नव्हे. म्हणून इंजिनाच्या झोतालाच वळवण्याची युक्ती पुढे आली. डीसी-९ आणि ७३७-२००च्या इंजिनांमागे दोन मोठ्या टोपल्यांसारखी दारं मिटतात आणि मागे जाणारा झोत अडवून पुढे ढकलतात. अलीकडच्या रुंद इंजिनांत आतल्या झडपा वाट बंद करतात, बाहेरचं आवरण मागे सरकतं आणि पंख्याची हवा बाजूच्या जाळीतून पुढच्या दिशेला निघते. इंजिन उलटं फिरतं हा समज चुकीचा आहे. ते नेहमीसारखंच फिरतं, फक्त हवेची वाट बदलते.

ही सोय विमानाला अपरिहार्य आहे असंही नाही. कोरड्या धावपट्टीवर थांबण्याचं अंतर प्रमाणित करताना ती मोजतच नाहीत, ब्रेक आणि पंखांवरच्या झडपा पुरेशा मानतात. ए-३८०च्या चारपैकी फक्त आतल्या दोन इंजिनांना ती आहे, आणि बीएई-१४६ या छोट्या ब्रिटिश जेटला ती मुळीच नाही. तिची किंमत किती मोठी असू शकते, हे २६ मे १९९१ रोजी दिसलं. बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेलं लाउडा एअरचं बोइंग ७६७ चढत असताना त्याच्या डाव्या इंजिनाची उलट्या रेट्याची यंत्रणा हवेतच उघडली. क्षणात त्या बाजूच्या पंखाचं उचलून धरणं घटलं आणि विमान थायलंडच्या जंगलात तुटून पडलं. २२३ माणसं गेली. कंपनीचे मालक आणि माजी फॉर्म्युला वन विजेते निकी लाउडा स्वतः घटनास्थळी गेले आणि सत्य बाहेर यावं म्हणून बोइंगच्या मागे लागले. त्यानंतर या यंत्रणेला आणखी एक स्वतंत्र कुलूप बसवलं गेलं. आज आपण निर्धास्त बसतो, त्यामागे हे कुलूप आणि ती २२३ माणसं आहेत.

जेटला थांबवणारी हीच यंत्रणा त्याला इमारतीपासून मागे काढायला वापरली, तर? १९८०च्या दशकात अमेरिकेत हे अनेक ठिकाणी रोज घडत होतं. १९७८ साली तिथं विमान कंपन्यांच्या मार्गांवरचं आणि भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं होतं, स्पर्धा टोकाची झाली होती. ढकलणारी गाडी, तिचा चालक आणि तिची वाट पाहण्यात जाणारी मिनिटं वाचली तर कंपन्यांना हवीच होती. अमेरिकन, नॉर्थवेस्ट, ईस्टर्न यांची ७२७, डीसी-९, एमडी-८० जातीची विमानं स्वतःच्या बळावर मागे येऊ लागली. या पद्धतीला पॉवरबॅक म्हणत. ही सगळी विमानं शेपटीजवळ इंजिन असलेली होती, आणि हा योगायोग नव्हे. इंजिन उंच आणि मागे असलं की उलट्या झोतानं उडालेली धूळ, खडे त्याच्या तोंडात जाण्याचा धोका कमी होतो. पंखाखाली जमिनीलगत लोंबणाऱ्या इंजिनानं असं केलं, तर ते आपणच उडवलेला कचरा गिळतं.

पॉवरबॅकचं तंत्र बारकाव्याचं होतं. विमान आधी किंचित पुढे घ्यायचं, मग झोत उलटा करायचा. वैमानिकाला मागचं काहीच दिसत नाही, म्हणून खाली उभ्या माणसाच्या हातांकडे पाहत राहायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, मागे जाताना ब्रेकला पाय लावायचा नाही. विमानाचा बहुतेक भार मधल्या चाकांवर असतो आणि नाकाच्या चाकावर थोडासाच. मागे जाणारं विमान ब्रेकनं अचानक अडवलं तर ते बैलगाडीसारखं उलाळ होऊ शकतं, नाक वर आणि शेपूट जमिनीवर. म्हणून थांबायचं असलं, तर झोत पुन्हा मागच्या बाजूला वळवून हलकेच पुढचा रेटा द्यायचा आणि विमान थांबेपर्यंत पाय जमिनीवर ठेवायचे.

ज्या विमानासाठी आणि ज्या हवेत ही पद्धत सांगितलेली नाही, तिथं ती वापरली तर काय होऊ शकतं, ते १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये दिसलं होतं. बर्फवृष्टीमुळे विमानतळ काही काळ बंद होता. एअर फ्लोरिडाचं ७३७-२०० फ्लोरिडाला निघायच्या तयारीत होतं. त्याला ढकलायला आलेल्या गाडीच्या चाकांना साखळ्या नव्हत्या, आणि बर्फ व बर्फ वितळवणाऱ्या द्रावणाच्या चिखलात ती जागेवर घसरत राहिली. तेव्हा वैमानिकांनी गाडीच्या मदतीला इंजिनांचा उलटा रेटा दिला. गाडीच्या चालकानं तसं न करण्याचं सुचवलं होतं. निर्माता कंपनीचाही अशा हवामानात तसं करू नये असा सल्ला होता. इंजिनं अर्धा ते दीड मिनिट उलट्या रेट्यावर होती, गोलाकार उडणारा बर्फ आणि चिखल विमानाभोवती दाटला, आणि विमान जागचं हललं नाही. शेवटी साखळ्या घातलेली दुसरी गाडी आली आणि तिनं काम केलं.

पुढे जे घडलं त्याची मुख्य कारणं वेगळी होती. इंजिनांचं बर्फरोधक चालू नव्हतं, त्यामुळे संवेदक गोठून कॉकपिटमध्ये प्रत्यक्षापेक्षा जास्त ताकद दिसत होती. बर्फ साफ केल्यानंतर विमान बराच वेळ पडत्या बर्फात थांबलं होतं, आणि पंखांवर बर्फ असतानाच वैमानिकांनी उड्डाणाचा निर्णय घेतला. उडाल्यावर अर्ध्या मिनिटातच ते पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून गोठलेल्या पाण्यात कोसळलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे चार जण गेले, पाच वाचले. तपास अहवालानं उलट्या रेट्याला अपघाताचं कारण ठरवलं नाही, पण त्यामुळे पंखांच्या कडेवर बर्फ चिकटायला हातभार लागला असण्याची शक्यता नोंदवली. विमान हलवण्याची घाई आणि गाडीच्या चालकाचं न ऐकलेलं म्हणणं, हे दोन्ही त्या अहवालात कायमचं लिहिलं गेलं आहे.

पॉवरबॅक संपवलं ते मात्र अपघातांनी नव्हे, हिशोबांनी. इंजिनाला उलटा रेटा द्यायला बरंच इंधन लागतं, ढकलणाऱ्या गाडीला त्या मानानं फारच थोडं. आवाज प्रचंड होतो, उडालेले खडे इमारतीच्या काचांवर आणि माणसांवर जातात, इंजिनाची झीज वाढते. २००० नंतर इंधन महागलं आणि शेपटीवर इंजिन असलेली विमानं ताफ्यातून जाऊ लागली, तशी ही सवयही मागे पडली.

जे टिकलं ते जमिनीवरच्या माणसांचं काम. मुंबईच्या किंवा पुण्याच्या विमानतळावर खिडकीतून पाहणाऱ्याला त्याचा शेवटचाच क्षण दिसतो. बाजूला उभा असलेला एक माणूस लाल फीत बांधलेली पिन हातात उंच धरून दाखवतो आणि हात हलवतो. त्या पिनेला अर्थ आहे. पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलण्याच्या, आधी ती नाकाच्या चाकाजवळ घालतात, म्हणजे कॉकपिटमधून चाक वळवण्याची यंत्रणा सुटी होते आणि चाक फक्त गाडीच्या म्हणण्याप्रमाणे वळतं. ती राहिली असती, तर वैमानिकाला पुढे विमान वळवताच आलं नसतं. म्हणून ती काढल्याचा पुरावा वैमानिकाला डोळ्यांनी पाहावा लागतो. हेडसेट लावलेला तंत्रज्ञ कॉकपिटशी बोलत चालतो, ब्रेक सोडल्याचं विचारतो, इंजिन सुरू करायला परवानगी देतो. पंखांच्या टोकांशी माणसं उभी असतात, कारण तीस-चाळीस मीटर मागचं कुणालाच दिसत नाही.

गाडीही साधी नसते. विमान ढकलायला ताकदीइतकीच चाकांची पकड लागते, आणि पकड येते वजनातून. म्हणून मोठ्या विमानांच्या काही गाड्या पन्नास टनांच्या आसपास भरतात. जुन्या पद्धतीत लांब दांडा, म्हणजे टो-बार, विमानाला जोडतात. विमानाच्या जातीनुसार दांड्याचं टोक वेगळं. त्यात एक कमजोर पिन मुद्दाम ठेवलेली असते. जास्त ताण आला तर ती आधी तुटावी, नाकाचं चाक नव्हे, म्हणून. नवीन गाड्या दांड्याशिवायच नाकाचं चाक कवेत घेऊन उचलतात.

या कामाला धोका आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. पिन दाखवणं, इशारा मिळेपर्यंत न हलणं, इंजिनापासून ठरलेलं अंतर ठेवणं, या नियमांकडे प्रवाशांना कंटाळवाणी औपचारिकता म्हणून पाहता येतं. ते नियम प्राणांवरचे आहेत.

लष्करी जगात मात्र विमान स्वतः मागे येणं ही चैन नसून गरज असते. जिथं ढकलणारी गाडी पोचत नाही, अशा धावपट्टीवर उतरून निघायचं असतं. भारतीय हवाई दलाकडे २०१३पासून आलेलं सी-१७ ग्लोबमास्टर पूर्ण भरलेलं असतानाही दोन टक्के चढावर मागे येऊ शकतं. त्याच्या इंजिनांचा उलटा झोत पुढे आणि वरच्या बाजूला जातो, म्हणून जमिनीवरची धूळ कमी उडते. अरुंद धावपट्टीवर ते पुढे-मागे-पुढे करून वळूनही घेतं.

आकाशात खरोखर मागे जाणारं विमान पाहायचं असेल, तर गोवेकरांना फार लांब जावं लागलं नसतं. १९८३ साली दाबोळीला सी हॅरियर आली आणि नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रननं ती २०१६पर्यंत उडवली. तिच्या पेगॅसस इंजिनाचा झोत चार तोट्यांतून बाहेर पडतो, आणि त्या तोट्या एका दांड्यानं फिरवता येतात. सरळ मागे केल्या की विमान धावतं, खाली केल्या की तरंगतं, आणि उभ्या रेषेपलीकडे, ९८ अंशांच्या थोड्या पुढे नेल्या की वेग कमी होतो. तरंगतं विमान तेवढ्यानं मागेसुद्धा सरकतं. तेव्हा पंखांवरच्या झडपा निकामी असतात, म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांतून हवेचे बारीक झोत सोडून तोल सांभाळावा लागतो. इंग्लंडमध्ये २१ ऑक्टोबर १९६० रोजी बिल बेडफर्ड यांनी तिच्या पूर्वजाला दोरांनी बांधून जमिनीवरून पहिल्यांदा उचललं, तेव्हापासून ही युक्ती सिद्ध व्हायला वर्षं लागली होती.

मंद उडणाऱ्या विमानांचं मागे जाणं निराळं. १९३६चं जर्मन स्टॉर्च ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगालाही हवेत टिकायचं. समोरून त्याहून जोराचा वारा आला, की जमिनीवरून पाहणाऱ्याला ते मागे जाताना दिसे. सोव्हिएत एएन-२ हे मोठं दुपंखी विमानही जोराच्या वाऱ्यात असंच करू शकतं. हवेच्या हिशोबानं मात्र ती पुढेच जात असतात.

आता वीज या जुन्या प्रश्नात शिरू पाहते आहे. २०१३च्या पॅरिस प्रदर्शनात एका ए-३२०च्या मधल्या चाकांनाच विजेच्या मोटारी बसवून ते इंजिन न लावता चालवलं गेलं, आणि मागेही नेलं गेलं. पण मोटारीचं वजन मग सगळ्या उड्डाणभर वाहावं लागतं. हा प्रयोग नेहमीच्या सेवेत आला नाही. दुसरा मार्ग टॅक्सीबॉटचा आहे. इस्रायली कंपनीनं विकसित केलेली ही गाडी विमानाला मागे काढते आणि मग इंजिनं बंद ठेवूनच धावपट्टीपर्यंत ओढत नेते. एअर इंडियानं ऑक्टोबर २०१९मध्ये दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या ए-३२०साठी ती प्रवाशांसह वापरली. धावपट्टीकडे जाताना गाडीचा ताबा कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकाकडे असतो, तो विमान वळवावं तशी ती वळवतो. पण त्याआधीचा, इमारतीपासून मागे येण्याचा टप्पा गाडीतल्या चालकाकडेच ठेवलेला आहे.